खटपट्या राहायचा कुठे

भाऊ गेल्यावर त्याच्या लिफ्ट कंपनीतले जोडीदार अक्कांना भेटायला आले, तेव्हा त्यांच्यातला सगळ्यात जुना मिस्त्री म्हणाला, "अक्का, जन्मभर लोकांना वर-खाली करत राहिला. आणि बघा, आमच्या आधी स्वतःच वर गेला, तेही एक पायरी न चढता." एवढं बोलून तो डोळे पुसता पुसता फिसकन हसला. अक्कांनाही हसू आलं. धाकट्या भावाला असलेच विनोद आवडायचे.

भाऊ गेला तो मोठ्या शहरात. एका उंच इमारतीची बिघडलेली लिफ्ट चालू करून खाली आला, हात पुसत कट्ट्यावर बसला आणि तिथंच कलंडला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याच्या फोनमध्ये 'अक्का घर' हा नंबर सगळ्यात वर होता, म्हणून फोन आधी इथे आला.

घरात त्याला खटपट्या म्हणत. लहानपणी घड्याळ, रेडिओ, शिलाईमशीन, एकदा तर शेजाऱ्यांची चालती सायकल, असं जे हाताला लागेल ते तो खोलून बसायचा. आई लवकर गेली. अक्का तेव्हा स्वतःच परकरी पोर, पण त्यांनीच त्याला न्हाऊमाखू घातलं, अभ्यासाला बसवलं, चार रट्टे दिले आणि लाडही केले. पुढे अक्कांचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, मुलगा बोटीवर नोकरीला लागला, सून आली. या सगळ्यात माडीवरची एक खोली मात्र 'खटपट्याची खोली' म्हणूनच राहिली. त्याने लग्न केलं नाही. दर रविवारी तो यायचा, जेवायचा, त्या खोलीत दुपारची झोप काढायचा, संध्याकाळचा चहा घेऊन निघायचा. "काम आहे गं अक्का, टेकडीपलीकडे," म्हणायचा. आठवडाभर तो कंपनीच्या खोलीवर राहतो, असं अक्कांनी धरूनच ठेवलं होतं.

दुःख व्हायचं ते झालं. आता त्याच्या मागचं निस्तरायला हवं होतं. बँकेत थोडी ठेव होती आणि बाजारात एक लहानसा गाळा होता, त्यात त्याची हत्यारं पडून असायची. दुसरं कुणी जवळचं नव्हतं, सगळं अक्कांकडेच येणार. पण बँकेतला साहेब म्हणाला, "वारसाचा दाखला लागेल. कोर्टाचा."

"कुठल्या कोर्टाचा?" अक्कांनी विचारलं.

"ते कोर्टातच विचारा," साहेब म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

अक्कांनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालवलेली. कुठून बोलताय, कुणाशी बोलायचंय, थांबा, देते जोडून, हे त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं की निवृत्त झाल्यावरही दारावरची बेल वाजली की त्या "कुठून बोलताय?" असं ओरडायच्या. सरकारी कामाला त्या भीत नव्हत्या. माणूस जिथे गेला तिथलं कोर्ट, असा साधा हिशोब करून त्या सुनेला घेऊन मोठ्या शहरात गेल्या.

सून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. शांत, बारीक नजरेची, बोलली तर नेमकं बोलणारी. तिने सुट्टी टाकली, गाडी चालवली आणि त्या अवाढव्य कोर्टाच्या आवारात सासूच्या मागोमाग या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडली. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं. दुसरी जेवायला गेली होती. तिसरीने सगळं ऐकून घेतलं आणि ही खिडकी घटस्फोटाची आहे असं सांगितलं.

"अहो, मी विधवा आहे," अक्का म्हणाल्या. "आता कुणाशी घटस्फोट घेऊ?"

शेवटी एका टेबलामागच्या कारकुनाने मृत्यूचा दाखला हातात घेतला. "हे इथले राहणारे?"

"नाही. इथे कामाला आला होता. इथे गेला."

"मग आमचा काय संबंध? माणूस मरतो कुठेही, आजी. प्रवासात मरतो, दवाखान्यात मरतो. तो राहत कुठे होता, ते सांगा. तिथलं कोर्ट."

"माझ्या घरी राहत होता."

"मग तुमच्या गावात जा की."

परतीच्या वाटेवर अक्कांनी कागद पुन्हा पिशवीत कोंबले. मग म्हणाल्या, "जन्मभर मी लोकांना जोडून दिलं गं. आता मला कुणी जोडून देईना. सगळीकडे राँग नंबर."

"पण उत्तर तर मिळालं," सून म्हणाली. "मामा राहत कुठे होते, एवढंच सांगायचंय."

"त्यात सांगायचं काय? खोली आहे त्याची."

सुनेने गिअर बदलला.

शाळेत मुलाच्या वर्गात असलेली एक मुलगी गावातच वकिली करायची. तिचा आवाज असा खणखणीत की घरात बोलली तरी समोर न्यायाधीश बसलेत असं वाटावं. तिने अर्ज केला, मयताचा पत्ता म्हणून अक्कांचा पत्ता घातला आणि तारीख मिळाली. गावचं कोर्ट ओळखीचं. अक्का नीटनेटक्या तयार होऊन गेल्या, पहिल्या बाकावर बसल्या. न्यायाधीशांनी कागद वरून खाली वाचले, मग पुन्हा वर गेले.

"वकीलबाई, अर्जात पत्ता इथला आहे. मृत्यूच्या दाखल्यावर टेकडीपलीकडच्या गावचा. हे कसं?"

वकीलबाईंनी अक्कांकडे पाहिलं. अक्का उभ्या राहिल्या. "दवाखान्याची चूक असणार, साहेब."

"दवाखान्याने लायसन्सवरून घेतलाय. लायसन्स त्यांनी स्वतः नवं करून घेतलेलं आहे, पत्ता बदलून." न्यायाधीश तसे सौम्य होते. "तुमच्याकडे ते राहत होते, याला काही आहे का? त्यांच्या नावाची पत्रं, बिलं, काहीही?"

"त्याची खोली आहे," अक्का म्हणाल्या. "गादी आहे. चपला आहेत."

कोर्टात कुणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी अर्ज परत केला, योग्य त्या कोर्टात दाखल करावा असं सांगून.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी आवाज शक्य तितका खाली आणला, म्हणजे फक्त अर्ध्या व्हरांड्यालाच ऐकू गेला. "अक्का, कायदा असा आहे की माणूस कायम जिथे राहायचा तिथलं कोर्ट. आणि कायमचं घरच नसेल, तर मालमत्ता जिथे आहे तिथलं. आपण असं म्हणू शकतो की मामांना पक्कं ठिकाण नव्हतं. गाळा इथे आहे, काम होऊन जाईल."

"पक्कं ठिकाण नव्हतं म्हणजे?"

"म्हणजे... फिरते होते."

"माझा भाऊ भटका होता, असं मी कोर्टात सांगू?" अक्कांचा आवाज आता पूर्ण व्हरांड्याला ऐकू गेला. "अगं, घर होतं त्याला!"

"हो ना," सून हळूच म्हणाली. "कुठे होतं, तेच बघून येऊ या एकदा. पत्ता आहे ना दाखल्यावर."

टेकडी चढून पलीकडे उतरलं की ते गाव लागायचं. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, सायकलींची, बियाण्यांची, एक बेकरी, एक पोस्ट. सुनेने गाडी हळू केली आणि काचेतून वर बघत राहिली.

"काय बघतेस?"

"अक्का, या गावात दुसऱ्या मजल्याच्या वर काहीच नाही. मामा इथे लिफ्ट कसली दुरुस्त करायचे?"

अक्कांनीही वर पाहिलं. खरंच, सगळं गाव बसकं. तरी त्या म्हणाल्या, "असेल कुठेतरी मागच्या बाजूला."

पत्ता एका रोपवाटिकेचा निघाला. लोखंडी फाटक, आत झाडांच्या रांगा, उंचावर पसरलेली हिरवी जाळी, ओल्या मातीचा वास. फाटक ढकलायला अक्कांनी हात लावला तर ते आपोआप, आवाज न करता, मऊपणे उघडलं आणि त्या आत आल्यावर तसंच मागे बंद झालं. एक बाई कुंड्यांत माती भरत बसल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, रुंद खांद्यांच्या, कोपरापर्यंत मातीने माखलेल्या. त्यांनी वर पाहिलं आणि हातातली कुंडी खाली ठेवली.

"अक्का," त्या म्हणाल्या.

अक्कांना वाटलं, हा चेहरा कुठेतरी पाहिलाय. मग आठवलं. भावाला निरोप द्यायला माणसं जमली होती तेव्हा सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, ही बाई उभी होती. अक्कांना वाटलं होतं, कंपनीतली कुणीतरी असेल. ती कुणाशी न बोलता निघून गेली होती.

"तुम्ही मला ओळखता?"

"रोज तुमचंच ऐकत होते," बाई म्हणाल्या. "बसा ना. हात धुऊन येते."

त्या आत गेल्या. अक्का उभ्याच राहिल्या. बसायला खुर्ची होती, पण बसावंसं वाटेना. त्या आजूबाजूला बघू लागल्या. एका बाजूला दोन खोल्यांचं घर, त्याला गच्ची. गच्चीवरही कुंड्यांच्या रांगा. आणि घराच्या भिंतीला लागून चक्क एक लिफ्ट होती. माणसांची नव्हे, कुंड्यांची. लोखंडी चौकट, फळी, कप्पी आणि एक गुळगुळीत झालेला लाकडी दांडा. सुनेने फळीवर एक कुंडी ठेवली, दांडा फिरवला. कुंडी अलगद वर गेली आणि गच्चीच्या कठड्याशी बरोबर थांबली.

"माझे गुडघे गेले तेव्हा केली त्याने," बाई चहा घेऊन आल्या होत्या. "म्हणाला, तू आता जिना चढायचा नाहीस."

मग अक्कांना दिसतच गेलं. नळाला लावलेली नळी पायाने दाबली की चालू होणारी. खिडकीला दोरी, ती ओढली की सगळी जाळी एका बाजूला सरकणारी. कपडे वाळत घालायची तार, पाऊस आला की छपराखाली ओढून घ्यायची. दाराची कडी, दिव्याचं बटण, भिंतीवरचं घड्याळ, खुर्चीचा बदललेला पाय, जिथे बघावं तिथे त्याचा हात. एकही गोष्ट त्याने जशीच्या तशी सोडली नव्हती.

आणि अक्कांच्या घरी? स्वयंपाकघरातला नळ वर्षानुवर्षं ठिबकत होता. मागच्या दाराला उचलून धरल्याशिवाय कडी लागायची नाही. "अरे, गावाच्या लिफ्ट नीट करतोस, बहिणीचा नळ तेवढा दिसत नाही तुला," असं त्या दर रविवारी म्हणायच्या आणि तो हसून दुसरी पोळी मागायचा. त्यांना वाटायचं, आळशी झालाय. इथे उभं राहून आता त्यांना कळलं. माणूस स्वतःच्या घरात खटपट करतो. पाहुणा करत नाही. पाहुणा जेवतो, झोपतो, गप्पा मारतो आणि संध्याकाळी निघतो.

त्या एकदम खुर्चीत बसल्या.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"गच्चीवरचा तो लिंबू लावला तेव्हापासून. आता त्याला लिंबं लागतात," बाई म्हणाल्या. "माझे मालक आधीच गेले होते. तुमच्या गावच्या बाजारातल्या इमारतीतली लिफ्ट अडकली, आत मी आणि माझी गुलाबाची रोपं. त्याने वरून हाक मारली, 'बाई, घाबरू नका, आधी रोपं काढू की तुम्हाला?' मी म्हटलं, आधी रोपं."

सुनेला हसू आवरेना. अक्कांना हसायचं नव्हतं, पण ओठ ऐकेनात. खटपट्या असंच बोलणार.

"मला का नाही सांगितलं?" हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "मी काय खाल्लं असतं त्याला?"

बाई थोडा वेळ कपाच्या कानाशी चाळा करत राहिल्या. "दर शनिवारी म्हणायचा, उद्या सांगतो. रविवारी परत आला की मी विचारायची, सांगितलंस? तर म्हणायचा, नाही, तिने ताट वाढलं आणि राहून गेलं. म्हणायचा, आईनंतर तिचंच घर माझं घर होतं. त्या खोलीची चादर ती दर आठवड्याला बदलते. आता मला दुसरं घर आहे, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? मी रागवायची. मग म्हणायचा, पुढच्या रविवारी नक्की."

अक्का खाली बघत होत्या. "मूर्ख," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याच्यासाठी म्हणून खोली ठेवली होती. मुलगा म्हणत होता, आई, ती खोली भाड्याने देऊ. मी म्हटलं, खटपट्याला काय वाटेल?"

मग सुनेने विचारलं, "मावशी, तो लिंबू कुठला?" आणि त्या दोघी गच्चीवर गेल्या. बाईंनी दांडा फिरवून एका कुंडीबरोबर स्वतःच्या चपलाही वर पाठवल्या आणि जिना त्या अनवाणी चढल्या. गुडघेदुखीचा त्यांचा हा आपला एक उपाय होता. डॉक्टरला तो पटत नव्हता.

अक्का एकट्या बसून राहिल्या. थोडं रडल्या, पण जसं वाटलं होतं तसं वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं त्यांच्या मनात एक टोचणी होती. भावाचं कुणी नाही, कंपनीच्या कुठल्या तरी खोलीत एकटा पडलेला असेल, जेवला असेल की नाही. ती टोचणी आता शोधूनही सापडेना.

निघताना बाईंनी स्वतःहूनच सांगितलं. "अक्का, रोपवाटिकेचा खालचा भाग माझ्या मालकांचा. पण हा वरचा तुकडा, गुलाबांचा, त्याने विकत घेतला होता, त्याच्या नावावर आहे. तुमच्या अर्जात तोही घाला. मागाहून कळलं असं नको."

"आणि तुमची गुलाबं?"

"काढून खाली आणीन. थोडी मरतील. गुलाबांना जागा बदलली की राग येतो."

घरी परतताना टेकडीच्या माथ्यावर अक्का सुनेला म्हणाल्या, "तुला आधीच कळलं होतं ना?"

"काय होतं ते कळलं नव्हतं," सून म्हणाली. "पण मामांच्या नखांत माती असायची. लिफ्टमध्ये ग्रीस असतं."

टेकडीपलीकडच्या गावचं कोर्ट पोस्टाच्या वरच होतं. खाली तिकिटांवर शिक्के आपटायचे, त्याचा आवाज वर सुनावणीत ऐकू यायचा. एकच खोली, एक लांब टेबल, उंच खिडक्या. न्यायाधीश एक पोक्त बाई होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर पाण्याचा तांब्या. वकीलबाईंनी नवा अर्ज आणला होता, त्यात पत्ता रोपवाटिकेचा होता. अक्कांना त्यांनी जिन्यातच पढवून ठेवलं होतं. "विचारतील तेवढंच सांगायचं, अक्का. भाऊ इथे राहायचा. लग्न केलेलं नव्हतं. मी एकुलती एक बहीण. बस्स. पाल्हाळ नको."

"मी ऑपरेटर होते गं," अक्का म्हणाल्या. "थोडक्यात बोलणं मला शिकवू नकोस."

न्यायाधीशबाईंनी कागद पाहिले. "आधी अर्ज दुसऱ्या कोर्टात होता. तिथे तुम्ही लिहिलंत, मयत तुमच्या घरी राहत होते. आता म्हणता, या गावात. खरं काय?"

अक्का उभ्या राहिल्या. खाली पोस्टात शिक्का आपटला.

"साहेब, तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तो माझ्याकडे राहतो आणि कामाला बाहेर जातो. उलटं होतं. तो इथे राहायचा आणि माझ्याकडे पाहुणा यायचा."

"हे तुम्ही कशावरून सांगता?"

"माझा नळ अजून गळतोय," अक्का म्हणाल्या, "आणि त्या घरी एक खिळासुद्धा हलत नाही."

न्यायाधीशबाईंनी चष्मा वर ढकलला. त्यांना नीट कळलं नसावं, पण उत्तर आवडल्यासारखं दिसलं. "कुणी साक्षीदार?"

रोपवाटिकेच्या बाई मागच्या बाकावरून उठल्या. हात स्वच्छ घासलेले, तरी नखांच्या कडा काळ्याच.

"ह्या कोण?" न्यायाधीशबाईंनी अक्कांना विचारलं.

जिन्यात ठरलेलं उत्तर होतं, 'घरमालकीण'. वकीलबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, रोपवाटिकेच्या बाईंनाही ते मान्य होतं. अक्कांनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "माझी भावजय."

वकीलबाईंच्या हातातली फाइल खाली पडली. न्यायाधीशबाई ताठ बसल्या.

"थांबा. भावजय म्हणजे मयताची बायको. बायको असेल तर वारस ती. मग तुमचा अर्जच उभा राहत नाही. अर्जात तर लिहिलंय, अविवाहित!"

"साहेब, त्यांचं म्हणणं असं की..." वकीलबाई झेपावल्या.

"तुम्ही बसा. बाई, तुम्ही सांगा. लग्न झालं होतं?"

"नाही," रोपवाटिकेच्या बाई म्हणाल्या. त्या लाल झाल्या होत्या. "करायचं ठरलं होतं. तीनदा. पण आधी अक्कांना सांगायचं होतं. ते राहून गेलं."

"मग ह्या तुम्हाला भावजय का म्हणतात?"

बाईंनी अक्कांकडे पाहिलं. त्यांनाही ते आत्ताच कळत होतं.

"साहेब," अक्का म्हणाल्या, "कायद्याने नसेल. तुम्हाला लिहायचं ते तुम्ही लिहा, मी सही करते. पण मला विचारलंत ह्या कोण, तर दुसरं काही म्हणणं खोटं ठरलं असतं. घरमालकीण म्हणून एकदा खोटं बोलायचं, मग ते जन्मभर निभवायचं, हे या वयात कोण करणार?"

न्यायाधीशबाईंनी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं, प्यायल्या. मग लेखनिकाकडे वळल्या. "लिहा. मयत या कोर्टाच्या हद्दीत कायम राहत होते, हे साक्षीवरून दिसतं. मयत अविवाहित. अर्जदार बहीण, एकमेव वारस." मग अक्कांकडे बघून, चष्म्यावरून, म्हणाल्या, "कोर्ट वारस लिहितं, आजी. नाती लिहायला इथे रकाना नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

"बघते," अक्का म्हणाल्या.

जिना उतरताना वकीलबाई पुटपुटत होत्या, त्यांचं पुटपुटणं पोस्टातल्या रांगेलाही ऐकू जात होतं. "अक्का, माझं काळीज तोंडात आलं होतं. असा धक्का देतात का?"

"काम झालं ना? मग."

रोपवाटिकेच्या बाई दोन पायऱ्या मागे होत्या. खाली आल्यावर त्या अक्कांसमोर उभ्या राहिल्या. अक्कांनी त्यांचा हात धरला. खडबडीत, उबदार हात होता.

"चल," अक्का म्हणाल्या, पहिल्यांदाच अगं-तुगं करत. "त्या बेकरीत काय चांगलं मिळतं? सकाळपासून पोटात कावळे कोकलतायत."

दाखला यायला वेळ लागला, हरकती मागवण्याची मुदत जावी लागली, पण कुणाची हरकत आली नाही. ठेव मिळाली. गाळा अक्कांनी कंपनीतल्या त्या जुन्या मिस्त्रीला चालवायला दिला, हत्यारांसकट. गुलाबांचा तुकडा भावजयीच्या नावावर करून दिला. ती नको नको म्हणत होती, तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही गं. गुलाबांना राग येतो म्हणालीस ना, त्यांची भीती वाटते मला." माडीवरची खोली सुनेला मिळाली. तिने तिथे टेबल टाकलं, दिवा लावला आणि आता कवळ्यांची बारीक कामं ती घरीच करते. खोलीभर दात हसत असतात.

थंडी सुरू झाली तशी भावजयीने अक्कांना कलम बांधायला शिकवायला घेतलं. चाकू कसा धरायचा, साल कशी उचलायची, कोंबाचा डोळा खाचेत कसा बसवायचा. अक्कांची बोटं तारा जोडून जोडून तयार झालेली, त्यांना वाटलं सोपं आहे. पहिली सगळी कलमं वाळली.

"जोडलं म्हणजे लागतंच असं नाही, अक्का," भावजय म्हणाली. "गाठ करकचून आवळलीत आणि वर रोज उघडून बघत होता. बघायचं नाही. सोडून द्यायचं."

"कळणार कसं मग, लागलंय की नाही?"

"लागलं की तेच सांगतं."

अक्कांनी नवा फुटवा हातात घेतला, चाकू पुसला आणि या खेपेला गाठ जरा सैल बांधली.